रेषीय बीजगणिताची मक्तेदारी आणि कामोठ्याचा विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत गणिताच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे. दिलेल्या मॅट्रिक्सला 'नॉर्मल फॉर्म'मध्ये आणणारे पी आणि क्यू हे दोन मॅट्रिक्स शोधा आणि त्यावरून 'रँक' काढा, असा तो प्रश्न. विद्यार्थी तो सोडवतात. ओळीतून ओळ वजा करतात, स्तंभातून स्तंभ वजा करतात, शेवटी एक आणि शून्य यांची नक्षी उमटली की खाली दुहेरी रेघ ओढतात. गुण मिळतात. यांपैकी एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे की बाबा, रँक म्हणजे काय? तो सांगेल, शून्य नसलेल्या ओळींची संख्या. पण ती संख्या नेमके काय मोजते, आणि ती मोजण्याची गरज कोणाला व का पडली, या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही. हे अज्ञान त्या विद्यार्थ्याने आपल्या आळसाने मिळवलेले नाही. ते त्याला रीतसर शुल्क घेऊन, हजेरी लावून, परीक्षा घेऊन दिलेले आहे.

रेषीय बीजगणिताचा प्राथमिक अभ्यासक्रम हा विषय राजकीय साप्ताहिकाच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. ज्ञानाची वाटणी हा संपत्तीच्या वाटणीइतकाच राजकीय प्रश्न आहे. आणि आजच्या काळात सत्ता ज्या हिशेबांवर चालते, त्या हिशेबांची वर्णमाला या एका अभ्यासक्रमात सामावलेली आहे.

उदाहरणादाखल कामोठे घ्या. पनवेल तालुक्यातील हे भातशेतीचे गाव. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले आणि नवी मुंबईसाठी ज्या पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर शासनाने हक्क सांगितला, त्यांत कामोठेही आले. आज तेथे सेक्टरांचे क्रमांक आहेत, मानसरोवर स्थानकावर उतरणारी गर्दी आहे, महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेचा कारभार आहे. या वस्तीत राहणारा विद्यार्थी कोण? मूळ गावातल्या आगरी शेतकऱ्याचा नातू किंवा नात. सातारा-सांगलीहून, मराठवाड्यातून, खानदेशातून पोटासाठी आलेल्या चालकाचा, परिचारिकेचा, गोदीकामगाराचा मुलगा किंवा मुलगी. अनेक घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिली पिढी. दहावीपर्यंत यांतल्या कित्येकांनी गणित मराठीत शिकले. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. त्यात 'निश्चयक' आहे, क्रेमरची पद्धती आहे. म्हणजे रेषीय बीजगणिताचे बीज या मुलांच्या मनात त्यांच्याच भाषेत पेरले गेलेले आहे. मग अकरावीचे विज्ञान येते आणि निश्चयकाचा एका रात्रीत 'डिटर्मिनंट' होतो. तेच रोप, पण ते उपटून परक्या मातीत लावायचे आणि सुकले तर बियाण्याला दोष द्यायचा, अशी ही शेती आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मराठीतून लिहिण्याची मुभा, गणित मात्र केवळ इंग्रजीतून, असा दंडक अनेक वर्षे चालला, तोही याच वृत्तीतून. गणिताला भाषा नसते, असे म्हणत गणितावर भाषेचा पहारा बसवायचा!

आता जो विषय कठीण, अमूर्त आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा म्हणून मिरवला जातो, तो किती आवाक्यातला आहे हे कामोठ्याच्याच जमिनीवर पाहू.

सिडकोविरुद्धच्या लढ्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. त्या साडेबारातून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात आणि शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्के उरतात. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे दिले, तर हिशेबाने साडेतीन गुंठे परत. दुप्पट जमीन दिली तर दुप्पट भूखंड. दोन शेतांचा हिशेब वेगवेगळा करून बेरीज करा किंवा आधी शेते एकत्र करून मग हिशेब करा, उत्तर तेच. हे दोन गुण ज्या व्यवहारात असतात त्याला गणितात 'रेषीय' म्हणतात. संपूर्ण अभ्यासक्रमाचा पाया एवढाच आहे.

पुढे चला. एका कुटुंबाचे तीन सर्व्हे नंबर आहेत आणि चार वारस आहेत. प्रत्येक वारसाचा प्रत्येक नंबरात किती हिस्सा, हे लिहायचे तर चार ओळी आणि तीन स्तंभ यांचा तक्ता करावा लागतो. हाच मॅट्रिक्स, त्याला आव्यूह म्हणा की सारणी म्हणा. तिन्ही नंबरांचे क्षेत्रफळ एकाखाली एक लिहिले की ती तीन आकड्यांची उभी मांडणी झाली, तिचे नाव सदिश. तक्त्याने या मांडणीला गुणले म्हणजे प्रत्येक वारसाच्या वाट्याची एकूण जमीन मिळते. ओळ गुणिले स्तंभ आणि मग बेरीज, हा नियम विद्यार्थी मंत्रासारखा पाठ करतो, कारण तो असाच का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सातबाऱ्याचा उतारा आणि वारसांची वाटणी ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चर्चिली गेली, त्या घरातल्या मुलाला मॅट्रिक्सचा गुणाकार परका वाटावा, यापेक्षा शिक्षणाचा मोठा पराभव कोणता?

आणि रँक? पाठ्यपुस्तकांतले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. क्ष, य आणि झ या तीन अज्ञातांची तीन समीकरणे. पहिले सांगते, तिघांची बेरीज सहा. दुसरे सांगते, क्ष अधिक दोन य अधिक तीन झ बरोबर दहा. तिसरे सांगते, क्ष अधिक दोन य अधिक 'अ'पट झ बरोबर 'ब'. अ आणि ब यांच्या कोणत्या किमतींना उत्तर नाही, कोणत्या किमतींना एकच उत्तर आहे आणि कोणत्या किमतींना असंख्य उत्तरे आहेत? विद्यार्थी ओळी वजा करत बसतो. त्याऐवजी त्याला सांगावे की हे तीन साक्षीदार आहेत. अ तीन असून ब दहा असेल, तर तिसरा साक्षीदार दुसऱ्याचीच जबानी पढून आला आहे. साक्षीदार तीन, पण स्वतंत्र साक्षी दोनच. म्हणून सत्य एका जागी पकडता येत नाही, उत्तरे असंख्य. अ तीन पण ब दहा नसेल, तर तिसरा दुसऱ्याला उघड खोटे पाडतो आहे. दोघांचेही खरे मानणे शक्य नाही, उत्तर नाही. आणि अ तीन नसेल, तर तिघेही स्वतंत्रपणे बोलत आहेत. सत्य एकच, ते हाती लागते. रँक म्हणजे स्वतंत्र साक्षींची संख्या. गावच्या चावडीवर बसलेल्या कोणाही माणसाला ही गोष्ट पाच मिनिटांत समजेल. ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला चार वर्षांत समजू नये, अशी व्यवस्था आपण केली आहे.

ही व्यवस्था आजची नाही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून तेथे मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ सामंतांनी त्याला दान दिले. ज्या भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त अनेक अज्ञातांची समीकरणे मांडताना यावत्तावत् आणि त्यापुढे कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे वापरली, त्यांचे गणित शिकवण्यासाठी ही सोय होती. शिलालेखातील प्रशस्ती संस्कृतात आहे. पण मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावर काय द्यायचे, तेलाच्या घाण्यामागे किती पळ्या तेल द्यायचे, हा तपशील मराठीत आहे. मर्म ध्यानात घ्या. द्यायचे काय, हे तेल्याला त्याच्या भाषेत सांगितले. त्या तेलावर जे ज्ञान पोसले जाणार होते, ते त्याच्या भाषेत आणण्याची गरज कोणाला वाटली नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती: कष्टकरी रयतेच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. आज संस्कृताची जागा इंग्रजीने घेतली, घाण्याच्या तेलाची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. मूळ हिशेब तसाच राहिला आहे.

वस्तुतः हे गणित कोणा एका भाषेची वा वर्गाची मिरास कधीच नव्हते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या चिनी ग्रंथात उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ प्रतीच्या पेंढ्यांतून किती धान्य निघते, हे काढण्याचे उदाहरण आहे. तीन अज्ञात, तीन समीकरणे. गणनेच्या काड्या तक्त्यात मांडून एका स्तंभातून दुसरा स्तंभ वजा करत उत्तर काढण्याची तेथील रीत म्हणजेच, आज आपण जर्मन गणिती गाऊस याच्या नावाने शिकवतो ती लोपनाची पद्धत. धान्याच्या मळणीतून जन्मलेले हे गणित भातशेतीच्या गावातल्या मुलाकडे परत येते, तेव्हा ते अंगावर परदेशी झूल घालून येते आणि त्यालाच अनोळखी नजरेने पाहते.

येथे कोणी म्हणेल, समजले नाही तरी बिघडले काय? पदवी मिळते, नोकरी लागते. बिघडते ते असे. १९३८ मध्ये लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांच्यासमोर प्लायवूड उद्योगाचा एक प्रश्न आला: आठ प्रकारची यंत्रे, पाच प्रकारचे लाकूड, कोणत्या यंत्राला कोणते काम दिले म्हणजे उत्पादन सर्वाधिक होईल? त्यातून रेषीय नियोजनाचे शास्त्र उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५६ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागे महालनोबिस यांचा जो आराखडा होता, त्याच्या गाभ्याशी गुंतवणूक, उत्पन्न आणि रोजगार यांना एकत्र बांधणारी मोजकी रेषीय समीकरणे होती. योजनेवर देशभर वाद झाला, परंतु ती समीकरणे वाचून वाद घालू शकणारे लोक मूठभर. आणि १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांनी मांडलेली पृष्ठांचे महत्त्व ठरवण्याची रीत म्हणजे एका प्रचंड मॅट्रिक्सचा 'आयगेन व्हेक्टर' शोधणे होय. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा आहे, तिच्या पोटात कोट्यवधी आकड्यांच्या तक्त्यांचे गुणाकार अहोरात्र चालू असतात.

म्हणजे प्रश्न असा आहे: कोणते काम कोणाला, कोणती बातमी कोणाला, कोणाला कर्ज आणि कोणाला नकार, हे जेव्हा अशा तक्त्यांच्या आधारे ठरू लागते, तेव्हा तो तक्ता वाचणारा कोण आणि त्यात निमूट भरला जाणारा आकडा कोण? कामोठ्याच्या रस्त्यांवर पाठीला चौकोनी पिशवी अडकवून घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला पुढची फेरी यंत्र नेमून देते. त्याचा धाकटा भाऊ त्याच गावात मॅट्रिक्स शिकतो आहे. पण धाकट्याला जे शिकवले जाते, त्यातून थोरल्याचे काम कसे ठरते हे त्याला उलगडत नाही. जमीन गेली तेव्हा मोजणी दुसऱ्याने केली, दर दुसऱ्याने ठरवला. हिशेब दुसऱ्याच्या हाती असला की वाटाही दुसराच ठरवतो, हा धडा पंच्याण्णव गावांनी एकदा घेतला आहे. तो पुन्हा घेण्याची पाळी त्यांच्या नातवंडांवर येऊ नये.

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला: गणित चिन्हांत असते, तेथे भाषेचे काय काम? चिन्ह मुके असते. त्याचा अर्थ वाक्याने सांगावा लागतो. वरच्या तीन साक्षीदारांत एकही नवे चिन्ह नव्हते, केवळ वाक्ये होती. मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांची पुस्तके घरोघर दिसतात ते कुंभोजकर मराठी, शिकवणारे बहुधा मराठी, शिकणारी मुले मराठी, आणि यांच्यामध्ये उभे असलेले वाक्य तेवढे इंग्रजी. दोष लेखकाचा नाही, शिक्षकाचाही नाही; परीक्षा ज्या भाषेत, पुस्तक त्याच भाषेत निघणार.

दुसरा आक्षेप: मराठी परिभाषा बोजड आहे. आहे, काही ठिकाणी निश्चित आहे. भाषा संचालनालयाच्या कोशांतले काही शब्द कपाटातच म्हातारे झाले, हे मान्य करावे. परंतु आयगेन हा शब्द तरी इंग्रजी आहे काय? तो जर्मन आहे, त्याचा अर्थ 'स्वतःचा'. इंग्रजीने तो उसना घेऊन अर्धाकच्चा शब्द रूढ केला आणि कोणाची अब्रू गेली नाही. मग आपणही खुशाल 'आयगेन' म्हणावे, 'मॅट्रिक्स' म्हणावे. पण ज्या दिशेने रूपांतर केले असता सदिश केवळ लांबतो, आखडतो किंवा उलटतो, आपली रेषा मात्र सोडत नाही, ती त्या रूपांतराची स्वतःची दिशा, हे वाक्य मराठीत सांगावे. शब्द उसना चालेल. समज उसनी चालत नाही.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा आहे: आज सर्व काही फुकट उपलब्ध आहे. अमेरिकेतील एमआयटीमधील गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने कोणीही घरबसल्या पाहू शकतो, आपल्या आयआयटींची व्याख्यानेही पाहू शकतो. ती व्याख्याने उत्तम आहेत, यात शंका नाही. पण विहिरीला पैसे लागत नाहीत म्हणून पोहरा नसलेल्याची तहान भागत नाही. त्या व्याख्यानांतील इंग्रजी पेलणारा विद्यार्थी आधीच निम्मी वाट चालून आलेला असतो. ज्याला खरी निकड आहे, तो संध्याकाळी खाजगी क्लासात 'एम-वन'ची अपेक्षित उदाहरणे पाठ करत असतो, कारण केटी लागली तर वर्षाचे शुल्क बुडण्याची धास्ती घरात सर्वांना असते. अर्थ समजून घेणे ही त्याच्यासाठी चैन ठरते. ज्ञान ही गरिबाची चैन ठरावी, हेच तर विषमतेचे खरे लक्षण.

चौथा आक्षेप सरकारी समाधानाचा: अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्गही मान्य झाला. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मराठीसाठी एका कोपऱ्यात वेगळी पंगत मांडली की मुख्य पंगतीत मराठीला मज्जाव करायला सबब मिळते. मागणी वेगळ्या वर्गाची नाही. प्रत्येक वर्गात मराठी वाक्याला प्रतिष्ठा मिळावी, ही मागणी आहे.

म्हणून ठोस सांगतो. विद्यापीठाने प्रश्नपत्रिकेतील निदान चौथा हिस्सा गुण अर्थ विचारणाऱ्या प्रश्नांना द्यावेत आणि त्यांचे उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत लिहिण्याची मुभा द्यावी. पी आणि क्यू शोधण्याचे काम आज संगणक क्षणार्धात करतो. माणसाने ते का करायचे, हे माणसाला विचारा. राज्य मराठी विकास संस्था आणि विद्यापीठ यांनी मिळून शंभर-सव्वाशे पानांचे, सातबारा, वाटणी, रेशन आणि रेल्वे यांतील उदाहरणांनी भरलेले एक पुस्तक सार्वजनिक खर्चाने काढावे आणि ते सर्वांना विनामूल्य खुले ठेवावे. पहिल्या सत्राचा पहिला आठवडा दहावीच्या निश्चयकापासून सुरू व्हावा. आणि ही शिकवणी तासिका तत्त्वावर राबवल्या जाणाऱ्या, उद्याची शाश्वती नसलेल्या शिक्षकाच्या माथी मारू नये. ज्याला पगाराची चिंता आहे, त्याच्याकडून अर्थाची चिंता कशी होईल? कामोठ्याच्या सुशिक्षितांनीही शासनाची वाट पाहत बसू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ, महापालिकेच्या शाळेची एक खोली, एक फळा आणि गावातलाच एक जाणता अभियंता एवढ्यावर असा वर्ग उद्या सुरू होऊ शकतो.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. समोर मॅट्रिक्स आला की तो सोडवण्यापूर्वी विचारा: या ओळी कोणाच्या, हे स्तंभ कशाचे, आणि यांतली स्वतंत्र साक्ष किती? हा प्रश्न वर्गात विचारा, परीक्षकाला विचारा. मग तोच प्रश्न अंदाजपत्रकाला, भूसंपादनाच्या नोटिशीला आणि भ्रमणध्वनीत लपलेल्या मालकालाही विचारायला तुम्ही आपोआप शिकाल. अशा प्रश्नांची भीती वाटणारे लोक पुष्कळ आहेत, आणि अभ्यासक्रम आहे तसाच राहिला तर त्यांचे काहीच बिघडत नाही.